शेवयांचं मशीन आणि दुसरा भाग

जांभळखेडी, ता. शहादा
गुरुवार, दि. १७ एप्रिल २०२५, सकाळी दहा वाजून पाच मिनिटे

आत्ताच आजच्या वर्तमानपत्राची पानं सुईदोऱ्याने शिवून झाली (न शिवल्यास नोकरीच्या जाहिरातींचं पान दुपारच्या आत गाव सोडून जातं), सुई जागेवर टोचून ठेवली आणि वाचनालयात माझ्याशिवाय कोणी नाही हे दोनदा बघून हा कागद पुढे घेतला.

तीर्थरूप ईश्वरमामा यांच्या दोन्ही पायांना (डावा गुडघा अजून दुखत असेल तर त्याला जरा लांबूनच) नवनीतचा नमस्कार.

तुमची प्रकृती कशी आहे? नाशिकचं पाणी मानवलं का? बेबीमामींची साखर आता किती असते, आणि त्या अजून चहा बशीत ओतून चोरून पितात का, असं आईने विचारायला सांगितलं आहे. आमच्याकडे सर्व ठीक. आईची कंबर आहे तशी आहे. वडिलांनी पपई काढून केळी लावली आणि आता पपईला भाव आला म्हणून दोन दिवस कोणाशी बोलत नाहीत. ऊन असं आहे की वाचनालयाच्या पत्र्याखाली डिंकाची बाटली आपोआप पातळ होते. तुमचा फोन आठ तारखेपासून लागत नाही, म्हणून काळजी वाटली. पण महत्त्वाचं काम लिहून कळवावं, बोललेलं माणूस उद्या नाकारतो, असं तुम्हीच मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, तेव्हा फोन न उचलण्यामागे तुमचा तोच विचार असणार असं समजून लिहायला बसलो.

मामा, तुम्ही स्थापन केलेलं आपलं तापीतीर सार्वजनिक वाचनालय (शासनमान्य, 'ड' वर्ग) सध्या गंभीर परिस्थितीत आहे. घाबरू नका. पत्रा उडालेला नाही. परंतु घडलं ते क्रमाने सांगितल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही, आणि अध्यक्ष म्हणून तुम्हाला कळणं आवश्यक आहे.

तुम्ही मला या खुर्चीवर बसवलंत तेव्हा माझं शिक्षण अकरावीपर्यंत (लोणखेड्याच्या कॉलेजात जाऊन परत आलो, ते तुम्हाला माहीत आहे), आणि गावात वाचक तीन. त्यातले दोन पंख्याखाली बसायला येत आणि तिसरा माझा मोबाइल चार्जर वापरायला. कपाटांमध्ये दोन हजारांवर पुस्तकं, सर्व दाखल क्रमांकानुसार, एकही तिरकं नाही. मी दर शनिवारी ती पुसायचो. पुस्तकं इतकी स्वच्छ होती की मलाच त्यांची लाज वाटायची. सरकार वर्षाला अनुदान देतं ते गावाने वाचावं म्हणून, आणि गाव काही वाचायचं नाही. रात्री मला स्वप्न पडायचं की कोणी साहेब येऊन एकेक पुस्तक उघडून वास घेत आहेत आणि म्हणत आहेत, हे कोणी उघडलेलंच नाही.

मग मागच्या वर्षी मार्चमध्ये तापीबाई आल्या. आपल्या गल्लीच्या टोकाच्या, ज्यांच्याकडे पितळी शेवयांचं मशीन आहे त्याच. त्यांची नात रुपा आठवीला आहे, ती एक गोष्टीचं पुस्तक घेऊन गेली होती आणि परत करायला विसरली. मी नियमाप्रमाणे पंधराव्या दिवशी तिचं नाव बाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिलं. सोळाव्या दिवशी सकाळी तापीबाई पुस्तक पदरात गुंडाळून हजर. पुस्तक टेबलावर ठेवलं, पण गेल्या नाहीत. फळ्याकडे बघत राहिल्या. नंतर घरी गेल्या आणि परत आल्या त्या शेवयांचं मशीन डोक्यावर घेऊन. म्हणाल्या, "हाई मशीन मन्हं, पन बारा घरमा फिरस, आनि मले लागस तव्हय कोनाकडे शे हाई कोनी सांगत नही. तू पुस्तक देस तसं कार्डवर दे. जो परत आनाव नही त्यानं नाव फयावर लिख."

मी सांगितलं की हे वाचनालय आहे. त्या म्हणाल्या, मंग? मी कपाटाची किल्ली काढली. तापीबाईंसमोर तुमचंही काही चालत नसे, असं आई सांगते. मशीन संदर्भग्रंथांच्या कपाटात खालच्या खणात बसलं, अगदी मापाने केल्यासारखं.

इथून माझी चूक सुरू झाली, हे मी मान्य करतो. कपाटात असलेल्या वस्तूला दाखल क्रमांक नसणं माझ्या स्वभावात बसत नाही. म्हणून दिला. क्रमांक दिल्यावर शिक्का मारणं आलं. तुम्ही मला शिकवलं होतं की पुस्तकाच्या पहिल्या पानावर शिक्का सगळेच मारतात आणि चोर ते पान फाडतो, म्हणून आपल्या वाचनालयाचा गुप्त शिक्का सतराव्या पानावर असतो. मशीनला पानं नव्हती, पण जाळ्या सात होत्या, तेव्हा सातव्या जाळीच्या मागे मारला. पुढे पितांबर आबांची ॲल्युमिनियमची शिडी आली. तिला अकराच पायऱ्या. सतरावी पायरी नाही ही गोष्ट माझ्या मनाला बरेच दिवस लागून राहिली होती.

मशीनचं बघून सगळेच आले. आबांची शिडी, फवारणीचा पंप, लग्नातली मोठी कढई, पाहुण्यांसाठीच्या दोन गाद्या, धान्याचा तोलकाटा. गावात कोणाची वस्तू कोणाकडे आहे यावरून जी भांडणं चालत ती बंद पडली. आबा आणि त्यांचे चुलतभाऊ शिडीवरून चार वर्षं बोलत नव्हते, ते आता माझ्या टेबलासमोर एकाच बाकावर बसून शिडीची वाट बघतात. फळ्यावर नाव येणं ही गोष्ट गावाला पोलिसांपेक्षा जड जाते हे मला तेव्हा कळलं.

आणि मग, मामा, मला एक कल्पना सुचली. (मला कल्पना क्वचित सुचतात, त्यामुळे मी ती नीट तपासली नाही.) मी नियम केला की जो वस्तू नेईल त्याने सोबत एक पुस्तक नेलंच पाहिजे. पुस्तक कोणतं, यात वशिला नको म्हणून कपाटातलं क्रमाने पुढचं येईल ते. देवघेव एकदम वाढली. शिडी गेली की पुस्तक गेलं, कढई गेली की पुस्तक गेलं. लग्नसराईत तर मी दिवसभर कार्डंच भरायचो. पितांबर आबांच्या वाट्याला गर्भवतीने काय खावं यावरचं पुस्तक आलं. त्यांनी ते कंटाळ्याने उघडलं आणि पूर्ण वाचलं, आणि आता त्यांच्या दोन्ही सुना त्यांना दुरून येताना बघितलं की मागच्या दाराने जातात. आबांचे सालदार करमसिंग (मोलगीकडचे, बायको रेवाबाईंसोबत शेतातच राहतात) पंप नेताना चित्रांचं पुस्तक घेऊन गेले. रेवाबाईंना अक्षर येत नाही. त्या चित्रं बघतात आणि गोष्ट आपल्या बोलीत स्वतःच बनवतात. पुस्तकातली गोष्ट वेगळी आहे हे करमसिंगनी त्यांना सांगितलेलं नाही, कारण बायकोची जास्त चांगली आहे.

आणि तापीबाईंच्या वाट्याला ती कादंबरी आली. दोन भागांची. नाव लिहीत नाही, तुम्हाला आठवेल.

त्यांची पद्धत अशी की खाटेला मशीन आवळायचं, स्वतः दांडा फिरवायचा आणि रुपाने वाचायचं. शेजारच्या बायका शेवया तोडायला बसतात त्याही ऐकतात. पहिल्या दिवशी म्हणे दोन पायल्या पीठ संपलं तरी कोणी उठेना, तिसऱ्या दिवशी पीठ मुद्दाम जास्त मळायला लागल्या. या वर्षी गल्लीत शेवया इतक्या झाल्या आहेत की आई त्या नाशिकला पाठवणार आहे. (पाठवल्या तर नाही म्हणू नका.)

आता तपासणीकडे येतो. मार्चअखेरीस पत्र आलं की नव्या तपासणी अधिकारी श्रीमती सुनिता वळवी मंगळवारी आठ एप्रिलला येतील, वाचकसंख्या आणि देवघेव बघतील, आणि त्यावर वाचनालयाची मान्यता पुढे ठेवायची की नाही याची शिफारस करतील. मान्यता गेली म्हणजे अनुदान गेलं, अनुदान गेलं म्हणजे मी गेलो. मी गेलो तर कुठे जाईन हे वडिलांनी त्याच संध्याकाळी ठरवलं. केळीत. पण माझं सोडा. वाचनालय बंद झालं तर रुपा आणि तिच्या मैत्रिणी पुढचं कुठून वाचणार, हा प्रश्न मला रोज रात्री पडत होता.

वेळ सकाळी अकराची होती. माझा बेत असा की सोमवारी संध्याकाळीच सगळ्या वस्तू आबांच्या गोठ्यात न्यायच्या, कपाटं पुसायची, आणि अकरा वाजता वाचनकक्षात वीस माणसं वर्तमानपत्र धरून बसवायची. (सरळ धरून. मी तालीम घेतली होती.) पण बुधवारी गावात एकाच दिवशी दोन लग्नं. सोमवारी संध्याकाळी वस्तू हलवायला गेलो तर बायका म्हणाल्या, उद्या सकाळी आम्ही नेणारच आहोत, मग आज गोठ्यात कशाला. मला ते पटलं. इथे माझी दुसरी चूक.

मॅडम साडेआठलाच आल्या. उन्हाच्या आत परतायचं म्हणून लवकर निघाल्या होत्या. जीप वळणावर थांबली आणि त्यांनी जे पाहिलं ते जिल्ह्यात कोणत्याच अधिकाऱ्याने पाहिलं नसेल. वाचनालयाला कुलूप, आणि कुलपासमोर पंचवीस-तीस माणसं रांगेत, प्रत्येकाच्या हातात वाचनालयाचं कार्ड आणि काखेत एक पुस्तक. मी किल्ली घेऊन धावत पोहोचलो तेव्हा मॅडम चष्मा पुसत होत्या. मला म्हणाल्या, "रोज असे असतात?" मी म्हणालो, लग्नसराईत जास्त. त्यांनी वहीत काहीतरी आनंदाने लिहिलं, हे मला उलट्या बाजूनेही दिसलं.

मी कुलूप उघडत होतो, आणि तेवढ्यात मॅडमनी रांगेतल्या पहिल्या बाईंना, म्हणजे फुलवंताबाईंना, विचारलं की मागच्या वेळी नेलेलं कसं वाटलं. फुलवंताबाई म्हणाल्या, "चांगलं शे, पन लई जाड निंघस. आमना घरमा बारीक लागस." मॅडमनी मान हलवली, म्हणाल्या की जाड पुस्तकांची अनेकांना भीती वाटते, पण पूर्ण झालं का? फुलवंताबाई म्हणाल्या, "कोठे? निम्मं व्हयनं आनि दांडाच निंघी गया." मॅडमचं पेन थांबलं. तेव्हा पितांबर आबांना वाटलं की आपण वाचनालयाची बाजू सांभाळावी. ते रांगेतून पुढे होऊन म्हणाले, "मॅडम, मन्हं तर एकदम मजबूत शे. फक्त सालदारले खालथीन धरी ठेवना पडस, तव्हय मी वर चढस."

मॅडम आत आल्या आणि सरळ संदर्भग्रंथांचं कपाट उघडायला सांगितलं. मी उघडलं. वरच्या खणात कोश, मधल्या खणात गॅझेटिअर, खालच्या खणात शेवयांचं मशीन, त्याच्या मागे कढई, कढईत तोलकाटा. सर्व क्रमांकानुसार. मॅडमनी मशीन हातात घेतलं, उलटं केलं, एकेक जाळी काढून बघितली आणि सातव्या जाळीमागे आपला शिक्का वाचला. मोठ्याने वाचला. "हे पुस्तक तापीतीर सार्वजनिक वाचनालयाच्या मालकीचे आहे."

मामा, मी त्या वेळी केळी डोळ्यांसमोर आणली.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. खुर्चीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि शांतपणे म्हणाल्या की सरकार गावोगाव वाचनालयाला पैसे देतं ते ज्याच्या घरात पुस्तक नाही त्याला पुस्तक मिळावं म्हणून. वस्तूसोबत सक्तीने दिलेलं पुस्तक देवघेवीत धरता येणार नाही. मी म्हणालो, मॅडम, आधी कोणी या दारापर्यंत येत नव्हतं, आता शिडीसाठी का होईना येतात, आणि आल्यावर एखादं पान उलटतात. हे मी बोललो की नुसतं मनात म्हणालो हे नक्की आठवत नाही, पण मॅडम म्हणाल्या, "बरं, मग मला असं एक माणूस दाखवा ज्याला इथलं पुस्तक पाहिजे आहे. मशीन नको, पुस्तक."

मी रांगेकडे बघितलं. रांगेने जमिनीकडे बघितलं. करमसिंगनी हात अर्धा वर केला, पण रेवाबाईंच्या गोष्टीचं खरं बाहेर येईल म्हणून खाली घेतला असावा. आणि मागून तापीबाई पुढे आल्या, सगळ्यांना कोपराने बाजूला करत. मॅडमसमोर उभ्या राहिल्या, कमरेवर हात. त्यांचं बोलणं मी जसंच्या तसं लिहितो, कारण पुढे त्यावरच सगळं अवलंबून आहे.

"बाई, तुम्ही सरकारकडथीन ऊन्यात ना? मंग मन्हं आयका. पहिला भाग मी बठा आयका. ती सुगंधा नदीना काठवर उभी शे. नाव सुटी ऱ्हायनी. हातमा तार शे, आनि तार तिनी फोडेल नही. आनि पुस्तक खलास. दोन मयना व्हयनात, मले झोप नही. तारमा काय शे, हाई मले कोन सांगी? अर्धी गोष्ट देतस आनि अर्धी ठी लेतस, अशी कशी तुमनी लायब्ररी?"

मॅडमनी विचारलं, "आजी, तुम्ही स्वतः वाचता?" तापीबाई म्हणाल्या, "मी कसाले वाचू? मी दांडा फिरावस. रुपा वाचस." मागच्या पाच-सहा बायका एकदम म्हणाल्या की तार आम्हालाही पाहिजे आहे. एक म्हणाली, नवरा मेला असणार. दुसरी म्हणाली, मेला असता तर बरं, दुसरी बायको केली असणार. वाचनकक्षात इतका आवाज स्थापनेनंतर पहिल्यांदाच झाला. मी सवयीने "शांतता राखा" या पाटीकडे बोट दाखवलं. कोणी बघितलं नाही, आणि मॅडमनी तर मला हाताने गप्प बसवलं.

मग त्या मला म्हणाल्या, "दुसरा भाग कुठे आहे?"

मी म्हणालो, बाहेर आहे. कधीपासून? बरेच दिवस, म्हणजे अकरा वर्षं. कोणाकडे? मी कार्डांची पेटी चाळायला लागलो. तेव्हा तापीबाईंनी बोट वर केलं. बोट कुठे थांबलं ते इथे लिहीत नाही, खाली लिहितो.

मॅडमनी बोटाच्या दिशेने बघितलं. मग त्यांनी शेरा लिहिला, आणि तो मला वाचून दाखवला. वस्तू कपाटातून आजच बाहेर काढाव्यात. (बाहेरच्या ओट्यावर ठेवल्या तर चालतील का असं मी विचारलं, तर म्हणाल्या की ओटा वाचनालयाच्या मोजमापात येत नाही, ओट्यावर गावाने काय ठेवावं ते गावाने बघावं. हे बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.) पुस्तकाची सक्ती बंद. आणि शुक्रवारी दोन मे रोजी त्या पुन्हा येतील, तेव्हा दुसरा भाग टेबलावर पाहिजे. उठताना म्हणाल्या, "नवनीत, शेवयांचं मशीन तुम्ही पंधरा दिवसांत परत आणून दाखवता आणि कादंबरी अकरा वर्षांत येत नाही. मग मी याला वाचनालय लिहू की भांड्यांचं दुकान? ते पुस्तक आलं तर मी वाचनालय लिहीन."

माझ्या नोकरीत अधिकाऱ्यांनी इतकं सरळ वाक्य मला कधी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून गावात जे चाललं आहे ते सांगतो आणि आटोपतो. तापीबाईंनी मशीन घरी नेलं आहे आणि जाहीर केलं आहे की दुसरा भाग येईपर्यंत ते कोणालाही मिळणार नाही, कार्डावर नाही आणि फळ्यावर नाही. अक्षय्य तृतीया तोंडावर, अजून चार लग्नं बाकी, आणि गावात दुसरं पितळी मशीन नाही. बायका रोज ओट्यावर येऊन बसतात आणि माझ्याकडे बघतात. आई घरी वाढताना वाटी जरा जोरात ठेवते. रविवारी मला ते सहन झालं नाही. मी तापीबाईंकडे गेलो आणि म्हणालो की दुसरा भाग मी लहानपणी वाचला आहे, तारेत चांगली बातमी आहे, सुगंधाच्या नवऱ्याला मोठी नोकरी लागली आणि तो तिला बोलावतो आहे. तापीबाईंनी माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाल्या, "तारमा इतलं चांगलं कधी ऊनं का रे पोऱ्या?"

मी घाबरून म्हणालो की नाही नाही, खरी गोष्ट अशी की तार तिची नव्हतीच. पोस्टमनची चूक. शेजारच्या गावात दुसरी सुगंधा होती, तार तिची. आपली सुगंधा तार न फोडताच परत देते, नावेत बसून माहेरी जाते आणि पिठाची गिरणी टाकते. हे मात्र तापीबाईंना पटलं. त्यांचे डोळे भरून आले. दोन दिवसांसाठी मशीन मिळालं आणि एका लग्नाच्या शेवया निघाल्या. मग रुपाने विचारलं की गिरणीला पैसे कुठून आले, आणि मशीन पुन्हा आत गेलं.

वाचनालयात बाकी सर्व व्यवस्थित. वस्तू ओट्यावर पत्र्याच्या पेटीत आहेत, शिडी भिंतीला टेकून. सक्ती बंद केल्यावर कोणी पुस्तक नेणार नाही असं मला वाटलं होतं. काही नेतात. आबांनी त्याच पुस्तकाचा पुढचा भाग मागितला आहे, आता बाळंतपणानंतरचा आहार पाहिजे म्हणतात. मामींना नमस्कार, भाऊ-वहिनींना नमस्कार, मुलांना गोड पापा. डाव्या गुडघ्याला तिळाचं तेल लावा, आबांनी सांगितलं आहे, पण आबांचा सल्ला आता कशावर आधारलेला असतो ते तुम्ही वाचलंच.

तुमचा भाचा आणि तुमच्या वाचनालयाचा ग्रंथपाल (प्रभारी),
नवनीत

ता. क. बोटाचं राहिलं. तापीबाईंचं बोट भिंतीवर तुमच्या फोटोपाशी थांबलं. त्यांचे शब्द, "तो काय, वर बठेल शे." त्या म्हणतात की तुम्ही नाशिकला जायला निघालात, गावाने निरोप दिला, तेव्हा बसमध्ये वाचायला म्हणून तुम्ही दुसरा भाग काखेत घातलेला त्यांनी स्वतः बघितला. मी म्हणालो की मामा असं करणार नाहीत, उसनं पुस्तक वेळेत परत करणं यावर त्यांचं भाषण मी पाठ केलं आहे. त्या म्हणाल्या की ते भाषण चाललं होतं तेव्हाच पुस्तक काखेत होतं. तरी कृपया मामींच्या पेटीत, माळ्यावर, जुन्या रजयांखाली बघावं आणि नाशिक-शहादा बसच्या कंडक्टरच्या हाती दोन मेच्या आत पाठवावं. मी स्टँडवर येऊन थांबेन.

ता. क. २. पाठवण्याआधी शेवट एकदा वाचून बघाल का? तारेत काही वाईट असेल, किंवा सुगंधाचं पुढे भलं झालं नसेल, तर ती पानं नाशिकलाच राहिलेली बरी. फाडा असं मी लिहीत नाही, तसं लिहायला माझा हात वळत नाही. पण बांधणी जुनी आहे, पानं आपोआप निसटतात. फक्त सतरावं पान जपा. मॅडम शिक्का बघतील.

ता. क. ३. तुम्ही स्वतः ते अजून वाचलं नसेल (अकरा वर्षांत वेळ झाला नसेल हे मी समजू शकतो) तर गिरणीला पैसे कुठून आले असतील याचा कृपया विचार करावा.

ता. क. ४. या प्रकरणाचा हिशेब अध्यक्षांच्या माहितीसाठी:
मॅडम व रांग यांचा चहा, १८० रुपये. खर्ची.
हार एक, ३० रुपये. मॅडमनी घेतला नाही. वाया जाऊ नये म्हणून तुमच्या फोटोला घातला. (कृपया फोन उचलावा. हार आणि न लागणारा फोन मिळून गावात वेगळा अर्थ निघाला आहे, काल दोन माणसं आईला भेटून गेली.)
दुसऱ्या भागाचं विलंब शुल्क, येणे. आकडा काढला होता, पण तो बघून मीच खोडला. नियमाप्रमाणे शुल्क माफ करण्याचा अधिकार फक्त अध्यक्षांना आहे, तेव्हा तुम्ही स्वतःच स्वतःला अर्ज करावा. मी शिफारस करीन.
तापीबाईंना देणे: तार एक, न फोडलेली.